पडली तर उचलणार कोण?

वास येतो म्हणे! नऊ वर्षं आला नाही, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एकदम यायला लागला.

माझा धाकटा दीर टेम्पो चालवतो आणि मी सुकी मासळी विकते. जवळा, सोडे, बोंबील, खारवलेला बांगडा. आमचं घर पावसच्या अलीकडे, खाडीकाठी. माझी गिऱ्हाइकं मात्र सगळी वर, डोंगराच्या अंगाला, लांज्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या अकरा वाड्यांत. शेतीवाली माणसं. घरटी एकदोन पुरुष मुंबईला, मागे बायका आणि म्हातारी माणसं. ओली मासळी तिथपर्यंत पोचेस्तोवर मऊ पडते, म्हणून सुकी. आठवड्यातून दोनदा मी दिराच्या टेम्पोत पोती टाकायची नि त्याच्या शेजारी बसायची. वाडी आली की तो हॉर्न वाजवायचा आणि बायका ताटल्या, टोपल्या घेऊन बाहेर यायच्या. फुकट नेत नव्हता हो, भाडं घेत होता.

त्या सकाळी मी पोती अंगणात आणून ठेवली, तर हा टेम्पोच्या दाराला टेकून उभा. म्हणाला, "वहिनी, टेम्पोला वास लागतो. दुसरं भाडं मिळत नाही. तुम्ही आता तुमचं काय ते बघा."

मी म्हटलं, "भावोजी, खाडीकाठी जन्मलात. तुमच्या अंगाला काय केवड्याचा वास येतो?"

एरवी हसला असता. हसला नाही. नजर चुकवून किल्ली फिरवली आणि गेला. मला तेव्हाच उमजायला हवं होतं, पण घरातल्या माणसावर संशय घ्यायला जीव धजत नाही. पंधरा दिवसांनी वरच्या वाडीतली एक बाई पावसच्या बाजारात भेटली, तिनं सांगितलं. त्याच टेम्पोतून, त्याच वाड्यांना, तोच हॉर्न वाजवून माझा दीर स्वतः सुकी मासळी विकत होता. कुणाकडे सोडे जातात, कुणाकडे बोंबील, कुणाला जवळा निवडूनच लागतो, हे त्याला कुणी सांगितलं? मीच. नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसून मीच तोंडाचा पट्टा चालवला. कुंपणानं शेत खाल्लं, आणि कुंपण मीच घातलं होतं.

नवरा मुंबईला असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. त्याला फोन केला. म्हणाला, "घरातल्या घरात मिटवा."

"मिटवलंय त्यानं," मी म्हटलं. "मलाच मिटवलंय."

आता इथं आगोट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा जीव का वरखाली होत होता ते कळायचं नाही. वैशाखाच्या शेवटाला, पाऊस यायच्या आधी, घरोघरी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात. त्यात सुकी मासळी पहिली. डबे धुऊन, उन्हात तापवून, गळ्यापर्यंत भरतात. तीच आगोट. माझा वर्षातला अर्धा धंदा त्या पंधरा दिवसांत होतो. आणि नुसता धंदा नाही. आगोटीला जिची मासळी डब्यात पडली, ती पुढं वर्षभर त्या घरची. एक आगोट चुकली की माझ्या अकरा वाड्या गेल्याच म्हणून समजा. आणि हातात होते चार महिने.

बसनं जाऊन बघितलं दोनदा. वाड्या बसच्या रस्त्यापासून कोसभर आत. डोक्यावर पोतं घेऊन घाटी चढायची. पंचविसाव्या वर्षी चढले असते, सेहेचाळिसाव्या वर्षी दोन वाड्यांतच धाप लागली. तेव्हा घाटीच्या दगडावर बसल्या बसल्या मी ठरवलं की दुसऱ्याच्या चाकावर आता जायचं नाही. गाडी घेईन ती स्वतःची, आणि चालवीनही मीच. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती, ते अलाहिदा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, स्कूटी घे. बायकांना ती बरी. मोटारसायकल घेतलीस तर लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं ते लोक बघतील. मला घाटी चढायची आहे."

आमच्या नाक्यावर एक मेस्त्री आहे, माझ्याच वयाचा. होड्यांची इंजिनंही दुरुस्त करतो आणि मोटारसायकलीही. बोलायला तुसडा, पण हातात खोट नाही. त्याला म्हटलं, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा काय घ्यायचं ते सांगू नकोस, दाखव. तो म्हणाला, "सकाळी ये. पोतं घेऊन ये."

आधी त्यानं स्कूटर काढली. मला मागे बसवलं, पोतं पुढे त्याच्या पायांत. डांबर संपून जांभ्याचा कच्चा रस्ता लागला, तशी ती बारकी चाकं खड्ड्याखड्ड्यांत बसायला लागली. पोतं एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मेस्त्रीचे गुडघे कानाला. "ही शहरात गुणाची," तो म्हणाला, "तुझ्या वाटेला नाही."

मग शंभर सीसीची मोटारसायकल. हलकी, साधी, पेट्रोल कमी पिणारी. मेस्त्रीचं मत तीच घ्यावी. पहिलीच गाडी, शिकाऊ हात, हलकी बरी. सपाटीला चांगली पळाली. पण घाटीच्या दुसऱ्या वळणावर आम्ही दोघं नि दोन पोती म्हटल्यावर ती पहिल्या गिअरवर आली, कण्हायला लागली आणि बंद पडली. गाडी मागे घसरायला लागली तेव्हा मी उडीच मारली. मेस्त्रीनं कपाळ पुसलं. म्हणाला, "तुला जरा ताकदीची लागणार. मोठी नको, मधली. तीनशे, साडेतीनशेतली. पण बाय, ती जड असते हां. पावणेदोनशे किलोच्या वर. पडली तर उचलणार कोण?"

हा प्रश्न मला पटला. बाकी सगळ्यांचे प्रश्न लोकांविषयी होते, हा एकटाच गाडीविषयी होता.

रत्नागिरीला शोरूममध्ये गेले. काचा, थंड हवा, गुळगुळीत फरशी. तिथला माणूस चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आला. "या मावशी. मुलाला घ्यायची?"

"मला मुलगा नाही. मला घ्यायची आहे."

"अच्छा, मग स्कूटर त्या बाजूला..."

"स्कूटर बघायला मला डोळे आहेत. ही दाखवा."

पहिली दाखवली ती उंच, लांब पायांची. बसले तर दोन्ही पायांचे चवडेच टेकले. नटीगत चवड्यावर उभं राहून मी घाटीत मासळी विकायची का? दुसरीवर ओणवं होऊन बसावं लागत होतं, लावणीला वाकल्यासारखं. कंबरेची वाट लागली असती. तिसरी बसकी होती. बसले, दोन्ही टाचा फरशीवर सपाट. हँडल हातात आलं तसं खांद्यांतलं अवघडलेपण गेलं. इंजिन लावायला सांगितलं. आवाज खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. मला ती आवडली, उगीच का खोटं बोलू? लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं, इथे मी निवडत होते.

पण मेस्त्रीचा प्रश्न होताच. मी उतरले आणि त्या माणसाला म्हटलं, "आता हिला आडवी करा."

"काय?"

"आडवी पाडा. मला उचलून बघायची आहे."

अगो बाय, काय तोंड झालं त्याचं! आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. तिघं मिळून मला समजवायला लागले, की मावशी असं करत नाहीत, नवी गाडी आहे, ओरखडे पडतील. मी म्हटलं, माझ्या बापाची खाडीत तर होती, म्हणजे फेरीची होडी. या काठची माणसं त्या काठाला पोचवायचा. होडी घेताना तो पहिलं बघायचा, एकट्यानं वाळूवर ओढता येते का. येत नसेल तर फुकट दिली तरी घ्यायचा नाही. तुम्ही आडवी करत नसाल तर मी ही गाडी घेत नाही. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं हसू दाबलं, ते मला दिसलं. मी चपला घातल्या नि बाहेर पडले. संतापानं कान तापले होते, आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं. ते मी बसस्टँडवर नळाच्या पाण्यानं धुतलं.

मेस्त्रीनं उपाय काढला. त्याच्याकडे त्याच जातीची एक जुनी गाडी दुरुस्तीला आली होती. गॅरेजच्या मागे गवताची पेंढी पसरून त्यानं ती आडवी केली. "घे. उचल."

पहिल्यांदा मी हँडल धरून ओढलं. हलली नाही. दुसऱ्यांदा पाठीत चमक भरली. मेस्त्री बिडी ओढत उभा, मदतीला आला नाही, म्हणून मी त्याला आजही मानते. मग मला आठवलं, भरलेली टोपली आपण हातानं उचलतो का? नाही, मांड्यांनी उचलतो. गाडीकडे पाठ केली, बूड सीटला लावलं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची दांडी धरली, आणि पाय रोवून एकेक पाऊल मागे रेटत गेले. उठली! गाडी उठली आणि मी मोठ्यांदा एक शिवी घातली. कुणाला घातली ते माझं मला माहीत. तशी तीनदा उचलली. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन ती बसकी गाडी सांगून आले. तोच शर्टवाला होता. पावती करेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

शिकायला आम्ही सड्यावर जायचो. सडा म्हणजे वरचं जांभ्याचं पठार, नुसता कातळ, पडलं तर लागणार पण दुसऱ्या कुणाला नाही. क्लच, गिअर, ब्रेक हे मला लवकर जमलं. वळण जमेना. शिमग्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. समोर उजव्या हाताला एक गडगा होता, बागेची दगडी कुंपणभिंत. मला जायचं होतं डावीकडे. आणि माझ्या हातांनी हँडल उजवीकडे लोटलं. सरळ गडग्यावर!

मेस्त्री धावत आला. मी हात वर करून त्याला तिथंच थांबवला, उठले, पाठ लावली नि गाडी उभी केली. गुडघा मात्र टम्म सुजला होता.

"डावीकडे जायचं तर उजवीकडे का वळवलंस गो? दारू प्यालीस?"

मलाच कळेना. घरी शेकत बसले तेव्हा डोक्यात उजेड पडला. बापाच्या तरीवर मी दहाव्या वर्षापासून सुकाणू धरत होते. पुढे पूल झाला, बापाची तर बंद पडली, पण हात विसरले नव्हते. सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे जाते. माझे हात मोटारसायकलीला होडी समजत होते. मेस्त्रीला सांगितलं तर आधी पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला, स्वतः गाडी घेऊन सड्यावर जोरात गेला, वळला, परत आला. चेहरा विचित्र. म्हणाला, "वेगात असलं ना, की तुझं बरोबर आहे. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते, चाक जरासं उजवीकडे जातं नि गाडी डावीकडे कलते. तीस वर्षं चालवतोय, मी कधी बघितलंच नाही हात काय करतात ते." म्हणजे हळू चालवताना होडी विसरायची आणि वेगात आठवायची. सगळे शिकाऊ वेगाला घाबरतात, मी घाबरायची ती हळू चालवायला.

चार दिवस मी लंगडले. नाक्यावर सगळ्यांनी बघितलं, दिरानंही. लायसनच्या परीक्षेला आठचा आकडा काढायचा असतो, तोही मुंगीच्या पावलानं. पहिल्या वेळी पाय टेकला, नापास. साहेबांनी विचारलं, "मावशी, कशाला हट्ट?" मी म्हटलं, "पुढची तारीख कधी ते सांगा." दुसऱ्या वेळी आठ काढला, तो शाळेतसुद्धा माझा इतका गोल आला नव्हता.

मेस्त्रीनं गाडीला दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी जोडल्या, त्यांत पोती बसायची. आणि वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात, आगोटीला, मी एकटी निघाले.

पहिल्या वाडीत हॉर्न वाजवला. एक बाई दारात आली, मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "अगो, तू चालतेस?"

"चालवते," मी म्हटलं. "का?"

"तुझा दीर म्हणाला, शिमग्यात गाडीवरून पडलीस, पाय मोडला, आता धंदा सोडलास. आम्ही त्याच्याकडून डबे भरले गो."

दुसऱ्या वाडीत तेच. तिसऱ्या वाडीत तर माझ्या पायात सळई घातली होती. प्रत्येक दारात मी साडी घोट्याच्या वर धरून दोन्ही पाय आपटून दाखवले, आणि प्रत्येक दारातून भरलेलं पोतं तसंच घेऊन परतले. बायका हळहळल्या, पण हळहळीनं पोतं हलकं होत नाही. उशीर झाला होता. माझी आगोट त्यानं एका खोट्या पायावर मारली होती.

सगळ्यात वरच्या वाडीची घाटी एका गाडीपुरतीच आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार, थेट खाली. निम्मी चढले आणि वरून टेम्पो आला. तोच. काचेतून मला बघून त्याचे डोळे हे एवढे झाले. मी थांबले. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, दोन्हीकडे पोती फुगलेली.

त्यानं हॉर्न वाजवला. मग काच खाली केली. "वहिनी, जरा मागे घ्या."

"चढणाऱ्याला वाट द्यायची, भावोजी. मला परीक्षेत विचारलं होतं. तुम्हाला नव्हतं विचारलं?"

"टेम्पो उलटा कसा नेऊ एवढा?"

"ते तुम्ही बघा. आणि तेवढं एक सांगा, माझा कुठला पाय मोडला? डावा की उजवा? मला लोकांना सांगायला बरं."

मी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मला घाई नव्हती, आगोट तर गेलीच होती. शेवटी त्यानं उलटा गिअर टाकला. तो मागे मागे जात राहिला, आणि मी पहिल्या गिअरवर त्याच्या तोंडासमोर चढत राहिले, थेट वाडीतल्या गुरांच्या मांगरापर्यंत. बायका, म्हातारे, सगळी बाहेर आली. टेम्पो उलटा आणि त्याच्यासमोर मी, अशी वरात त्यांनी आयुष्यात बघितली नसेल. जागा मिळाल्याबरोबर दिरानं टेम्पो वळवला आणि कुणाकडे न बघता खाली गेला.

त्या वाडीत एक म्हातारी आहे. माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, आणि जिभेची सगळ्यात कडू. नऊ वर्षांत तिनं माझ्या मासळीला एकदा चांगलं म्हटलेलं नाही. ती काठी टेकत आली, गाडीभोवती एक फेरी मारली.

मी म्हटलं, "आजी, तुम्हीही डबे भरलेत ना त्याच्याकडून?"

"भरले."

मी पोत्याची दोरी उगीचच घट्ट करायला लागले.

"काय बांधतेस? सोड ते पोतं," म्हातारी म्हणाली. "दोन भरले, दोन ठेवलेत रिकामे. पाय मोडलेलं माणूस दोन महिन्यांत उभं राहतं गो. शिमग्यात पडलीस म्हणाला, म्हणजे आगोटीला येशील, एवढा हिशेब मला येतो. शेजारणीलाही सांगून ठेवलं होतं, सगळे भरू नको म्हणून. आता जवळा दाखव. आणि वाळू असली तर घेणार नाही."